प्रेतांची चाल आणि टीकाकारांची घाई

भुताखेतांच्या चित्रपटावर या मासिकाची पाने खर्ची घालावीत काय, असा प्रश्न आमच्या कित्येक वाचकांच्या मनात येईल, आणि तो रास्त आहे. ज्या घरांतून हे मासिक वाचले जाते तेथील वडील मंडळी असले चित्रपट पाहत नाहीत, आणि तरुण मंडळी पाहतात ती त्यांवर काही वाचावयास मागत नाहीत, अशी साधारण वाटणी आहे. पण आमचा आजचा तंटा मुख्यत्वे चित्रपटाशी नसून त्याच्या टीकेशी आहे, आणि टीका हा तर आमच्या घरचाच धंदा होय. परदेशातील एका चित्रपटाचा परामर्श घेताना तेथील नामांकित लेखण्यांनी जी चूक केली, तीच आम्ही मराठी टीकाकार कादंबरीविषयी, नाटकाविषयी, कवितेविषयी रोज करितो. दुसऱ्याच्या अंगणात ती लवकर दिसते इतकेच.

प्रकरण असे आहे. जॉर्ज रोमेरो या पिट्सबर्गच्या दिग्दर्शकाने १९६८ साली 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' हा चित्रपट काढून, मेलेली माणसे उठून जिवंतांस खाऊ लागल्याची कथा सांगितली. तिच्या पाठोपाठचा 'डॉन ऑफ द डेड' १९७८ साली निघाला. पुढे २००४ च्या मार्च महिन्यात युनिव्हर्सल कंपनीने त्याच नावाने त्याची नवी आवृत्ती पडद्यावर आणली. दिग्दर्शक झॅक स्नायडर, यांचा हा पहिलाच कथापट. पटकथा जेम्स गन यांची. मूळ चित्रपटास फार तर १५ लक्ष डॉलर खर्च आला असेल. नव्यास सुमारे २ कोटी ६० लक्ष लागले, आणि जगभर मिळून त्याने १० कोटींचा आकडा गाठला. टीकाकारही प्रसन्न झाले. ज्यांनी परीक्षणे लिहिली त्यांतील सुमारे तीन-चतुर्थांश अनुकूल होते. भयपटास, त्यातही जुन्याच्या नव्या आवृत्तीस, इतका कौल क्वचितच मिळतो.

या उठलेल्या प्रेतांस जो इंग्रजी शब्द आहे तो मराठीत 'झोंबी' असा लिहिण्याचा प्रघात पडला आहे, आणि २०२२ साली 'झोंबिवली' हा मराठी चित्रपट निघाल्यापासून ती प्रेते डोंबिवलीपर्यंत येऊन पोचली आहेत. आमची जुनी झोंबी मात्र निराळी. ती दोघांनी एकमेकांस धरून घ्यावयाची. हा श्लेष अगदीच निरुपयोगी नाही असे पुढे दिसेल.

अनुकूल परीक्षणे वाचा की प्रतिकूल वाचा, त्यांत एकच वाक्य निरनिराळ्या पोषाखांत पुन्हा पुन्हा भेटते. ते असे: खरेदीच्या हव्यासात बुडालेल्या समाजाचा जो उपहास मूळ चित्रपटात होता तो नव्यात उरला नाही, परंतु भीती व थरार या दृष्टीने तो चांगला साधला आहे. अनुकूल टीकाकार या 'परंतु'च्या पुढचा भाग मोठ्याने म्हणतो, प्रतिकूल टीकाकार मागचा. रॉजर ईबर्ट यांनी १९७९ साली मूळ चित्रपटास चारपैकी चार तारका दिल्या होत्या. त्या काळी ते धैर्याचे काम होते, आणि त्यांच्या रसिकतेविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु नव्या चित्रपटावर लिहिताना त्यांनीही जुन्यातला बोचरा विनोद यात नाही अशी नोंद केली, आणि तीन तारका दिल्या. म्हणजे हिशेबच करावयाचा तर उपहासाची किंमत एक तारका झाली. जणू उपहास ही भाजीवर भुरभुरलेली कोथिंबीर. घातली तर बरे, विसरली तरी भाजी आहेच!

आमचे म्हणणे असे की, रोमेरो यांचा उपहास त्या बाजारात नाहीच. तो प्रेतांच्या चालण्यात आहे. ती चाल बदलल्यावर बाजार जसाच्या तसा ठेवला तरी उपयोग नाही, आणि भीतीही तीच राहत नाही. 'उपहास गेला, थरार राहिला' हे वाक्य म्हणूनच दोन्ही अंगांनी खोटे आहे.

मूळ कथा वाचकांस थोडक्यात सांगणे भाग आहे. दूरचित्रवाणीच्या कचेरीत काम करणारी फ्रॅन, तिचा मित्र व हेलिकॉप्टरचा चालक स्टीफन, आणि पीटर व रॉजर हे दोन सशस्त्र पोलीस, असे चौघेजण फिलाडेल्फियाहून उडून एका मॉलच्या छपरावर उतरतात. हा मॉल पिट्सबर्गजवळच्या मन्रोव्हिल येथला खराखुरा, रोजच्या वापरातला होता. दुकाने मिटल्यावर रात्रीतून तेथे चित्रण चाले. खाली प्रेते हिंडत आहेत. ती सरकत्या जिन्यावर अडखळतात, कारंज्यात पडतात, काचेस तोंड लावून उभी राहतात. ती येथेच का येतात, असे फ्रॅन विचारते. तेव्हा स्टीफन म्हणतो की ही सवयीची आठवण असावी, ही जागा त्यांच्या आयुष्यात फार मोलाची होती. टीकाकार एवढे संभाषण हमखास सांगतात आणि येथेच थांबतात. उपहास सापडला, लेख पुरा झाला!

पण खरी गोष्ट येथून पुढे सुरू होते. ही प्रेते इतकी मंद आहेत की त्यांच्यामधून वाट काढून जाता येते. थोडे सावध राहिले, दारे नीट लाविली, की त्यांचे भय असे उरत नाही. पीटर व रॉजर त्यांस चुकवीत दुकानात शिरतात तेव्हा त्यांना हसू फुटते. रॉजरला तर या खेळाची नशाच चढते, आणि दारांपुढे मालमोटारी आणून उभ्या करण्याचे काम चालू असताना त्या नशेपायी तो बेसावध होतो व चावा खाऊन बसतो. दात प्रेताचे होते खरे. पण त्या दातांपर्यंत तो आपल्या पायांनी गेला. मग तिघे उरतात. कपडे, दागिने, पक्वान्ने, बँकेतल्या नोटा, सारे त्यांचे. महिने लोटतात. फ्रॅनच्या पोटी मूल वाढते आहे, हेलिकॉप्टर छपरावर उभे आहे, निघून जाण्यास कोणी अडविलेले नाही. आणि ती माणसे निघत नाहीत. सबंध चित्रपटातील सर्वांत भयंकर भाग आम्हांस हा वाटतो, आणि या भागात एकही प्रेत कोणाच्या अंगावर येत नाही. अखेर मोटारसायकलवाल्या लुटारूंची टोळी दारे फोडून आत घुसते. लपून बसले तर हे लोक लुटून चालते होतील, हे पीटर ओळखतो. स्टीफनला मात्र ते सोसत नाही. हे आपले आहे, आपण ते मिळविले आहे, असे म्हणून तो बंदूक झाडतो आणि त्या एका गोळीने सगळ्यांचा नाश ओढवतो. मेल्यावर तो स्वतः प्रेत होऊन उठतो, आणि खोट्या भिंतीआड लपविलेल्या त्यांच्या बिऱ्हाडाची वाट इतर प्रेतांस तोच दाखवितो, कारण तेवढी त्याच्या ध्यानात राहिलेली असते.

आता यातली कळ पाहा. प्रेते मंद म्हणून माणसांस फुरसत मिळते. फुरसत मिळते म्हणून लोभास मूळ धरावयास जागा होते. आणि लोभापायी माणसे मरतात. प्रेतांची पावले घटकाभर जलद करा, की ही सारी साखळी पहिल्याच कडीशी तुटते.

नव्या चित्रपटात नेमके तेच झाले आहे. तेथली प्रेते धावतात, आणि धावतात म्हणजे शर्यतीतल्यासारखी धावतात. धावत्या प्रेतापुढे माणसास एकच गोष्ट करावयाची उरते, ती म्हणजे अधिक वेगाने धावणे. कोण वाचला, कोण मेला, हे पायांवर आणि दैवावर ठरते. स्वभावाशी त्याचा संबंध राहत नाही. अपवाद नाहीत असे नव्हे. सी. जे. नावाचा पहारेकऱ्यांचा नाईक आरंभी मोठा अरेराव आहे, आणि अखेरीस इतरांस वाट मिळावी म्हणून तो स्वतःस स्फोटात जाळून घेतो. पण हा माणूस मधल्या काळात आतून केव्हा पालटला, ते दाखविण्यास चित्रपटापाशी उसंत नाही. मॉलचेही तसेच. कॅनडातील थॉर्नहिल येथे पाडावयास काढलेल्या एका मॉलमध्ये नवी दुकाने मांडून हे चित्रण झाले. त्यांतील एका दुकानास जुन्या चित्रपटातील नटी गेलन रॉस हिचे नाव दिले आहे, आणि ते ओळखल्याचा आनंद जाणत्या प्रेक्षकांनी मनसोक्त घेतला. परंतु येथील माणसांस या बाजाराचा लोभ सुटतच नाही. चार दिवस ती त्यात मौज करितात, आणि मग दोन मोठ्या गाड्या मढवून, स्टीव्ह नामक श्रीमंत गृहस्थाच्या नौकेकडे निघण्याचा बेत करितात. मॉलच्या जागी शाळा असती, इस्पितळ असते, एखादा पडका किल्ला असता, तरी कथेचे काही बिघडले नसते. उपहासाचे एक कलम कोणी गाळले म्हणून तो गेला, असे टीकाकार लिहितात. वस्तुतः धावणाऱ्या प्रेतांनीच त्याला पळवून लाविले. रोमेरो यांचे प्रेत नुसते येते. झोंबी घेणारी प्रेते ती स्नायडर यांची.

यावर कोणी म्हणेल की काळ बदलला, प्रेक्षक बदलला, मंद प्रेतांस आता कोण भिणार? हा युक्तिवाद अनुकूल परीक्षणांतून फार आढळतो. वेग म्हणजे नवेपणा असे त्यात गृहीत धरलेले असते. पण धावणारी प्रेते १९८५ च्या 'द रिटर्न ऑफ द लिव्हिंग डेड' या चित्रपटातही होती, आणि तो मुख्यतः विनोदी चित्रपट होता. डॅनी बॉईल यांच्या २००२ च्या '२८ डेज लेटर'मध्येही माणसे अशीच धावतात. पण ती मेलेली नाहीत, रोगाने पिसाळलेली जिवंत माणसे आहेत, आणि संतापाची साथ हाच त्या कथेचा विषय असल्यामुळे तेथे धावणे शोभते. तेथून वेग तेवढा उसना आणला आणि कारण तेथेच ठेवले, याबद्दल स्नायडर यांस जाब विचारणे टीकाकारांचे काम होते. उलट खुद्द रोमेरो यांनी, मेलेला माणूस धावू लागला तर त्याचे घोटेच मोडतील, असा विनोद केला तेव्हा तो म्हाताऱ्याची कुरकुर म्हणून हसण्यावारी नेला गेला. नव्या चित्रपटाचा आरंभ आपणांस आवडला, पण पुढे त्यास असण्याचे कारणच उरले नाही, अशा अर्थाचेही ते बोलले होते. हे बोलणे कोणत्याही परीक्षणापेक्षा अधिक नेमके आहे असे आमचे मत आहे.

आमच्या पक्षाविरुद्ध एक पुरावा आहे, तो आम्हीच सांगून टाकतो. मूळ चित्रपटात एका विमानतळावर दोन बालप्रेते पीटरवर चक्क धावून येतात. नियम रोमेरो यांनीच मोडला, असे कोणी म्हटल्यास आम्ही नाही म्हणणार नाही. मात्र ती दोन लेकरे संपविताना पीटरच्या चेहऱ्यावर जे उमटते, ते पाहिल्यावर तो प्रसंग वेगासाठी घातलेला आहे असे म्हणवत नाही.

या मंद चालीस पूर्वपीठिकाही आहे. झोंबी ही कल्पना हैतीतली. तेथे फ्रेंचांच्या उसाच्या मळ्यांत आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबत. मरणानंतरही सुटका नाही, प्रेत होऊनही धन्यासाठी राबावे लागेल, या भयाशी तिचे नाते जोडले जाते. १९३२ च्या 'व्हाइट झोंबी' या चित्रपटात साखरेच्या गिरणीत प्रेते राबताना दाखविली आहेत. त्यांतला एकजण चरकात पडतो, आणि बाकीच्यांचे पाऊल क्षणभरही थांबत नाही. रोमेरो यांनी १९६८ साली आपल्या प्रेतांस झोंबी हा शब्द लाविलेला नव्हता. पण ती थकलेली, हुकूम ऐकणारी चाल त्यांच्यापर्यंत आली, आणि १९७८ साली त्यांनी ती दुकानांच्या रांगांतून फिरविली. मळ्यातल्या गुलामास चाबूक होता. येथे चाबकावाचून पाय वळतात. आमच्याकडचे भूत बोलते, मागणे मागते, उतारा घेऊन परत जाते. वेताळ तर कोडी घालून राजास रात्रभर जागवितो. या प्रेतास काही विचारावयाचे नाही आणि त्यास काही देऊन परत पाठविता येत नाही. ते नुसते चालत राहते, यातच त्याचे भय आहे.

मग एवढी उघड गोष्ट जाणत्या टीकाकारांच्या नजरेतून कशी सुटली? आम्हांस याचे कारण पश्चात्तापात दिसते. मूळ चित्रपट अमेरिकेत आला तेव्हा 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या टीकाकार जॅनेट मॅस्लिन पहिल्या पंधरा मिनिटांतच उठून गेल्या, आणि तसे त्यांनी छापूनही सांगितले. त्यापूर्वी १९६८ च्या चित्रपटावर 'व्हरायटी' पत्राने असाच कडक कोरडा ओढला होता; पुढे तोच चित्रपट १९९९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपटसूचीत जतनासाठी दाखल झाला. एकदा अशी फजिती झाली की टीकाकारवर्ग सावध होतो. मग जुन्या चित्रपटाचे नाव निघताच 'उपहास' हा शब्द उच्चारावयाचा, म्हणजे आपण त्या वेळच्या मूढांपैकी नव्हे हे सिद्ध होते. शब्द पाठ झाला की चित्रपट पुन्हा पाहण्याची गरज राहत नाही. उठून गेलेल्या बाईंनी निदान आपल्या पोटात काय झाले ते प्रामाणिकपणे लिहिले होते.

आमच्याकडे फडके-खांडेकर वादापासून एका पक्षाने तंत्राची व दुसऱ्याने जीवनाची कैवारी म्हणून मिरविण्याची प्रथा पडली. त्या दोघां लेखकांचे म्हणणे काय होते ते बाजूस राहिले, आणि अनुयायांनी 'तंत्र' व 'आशय' अशी दोन खाती तेवढी मांडून ठेविली. 'आशय हृद्य, मांडणी सैल'. 'भाषा प्रसन्न, पण विचार उथळ'. असल्या जमाखर्चाने आमची परीक्षणे आजही भरलेली असतात. लेखकाने वाक्य लांब का केले, प्रसंग मध्येच का तोडला, पात्रास हळू का चालविले, यातच तो काय म्हणतो आहे ते असू शकते, ही शंकाही त्यांस शिवत नाही. म्हणूनच परक्यांच्या या चुकीचा आम्हांस एवढा राग आला.

आणि खरे सांगावयाचे तर या टीकेने सर्वांत मोठा अन्याय केला तो नव्या चित्रपटावरच. ॲना नावाची परिचारिका काम संपवून घरी येते, पहाटे शेजारची लहान मुलगी निजण्याच्या खोलीच्या दारात उभी दिसते, आणि काही मिनिटांत पती, घर, गल्ली, शहर सारे हातचे जाते. हा आरंभ सर्वांनीच वाखाणला, आणि तो वाखाणण्यासारखा आहे. उपनगरातील सुखवस्तू सकाळ इतक्या झपाट्याने उद्ध्वस्त होताना आम्ही क्वचितच पाहिली आहे. मात्र त्याच्या पुढे जाऊन पाहणे अवश्य होते. मॉलच्या समोर, प्रेतांच्या समुद्रापलीकडे, अँडी नावाचा बंदुकांचा व्यापारी आपल्या दुकानाच्या छपरावर एकटा अडकला आहे. दोन छपरांवरून फळ्यांवर अक्षरे लिहून तो आणि केनेथ हा पोलीस एकमेकांशी बोलतात, बुद्धिबळ खेळतात. त्याच छपरावर एक दुसरा खेळही चालतो. खालच्या गर्दीतले एखादे प्रेत कोणा प्रसिद्ध नटासारखे दिसले की ते नाव फळीवर लिहावयाचे, आणि अँडीने नेमके ते प्रेत टिपावयाचे. प्रेक्षक येथे हसतात. टीकाकारही हसले, आणि 'काळा विनोद' म्हणून पुढे गेले. मूळ चित्रपटातही माळावर जमलेली माणसे मद्य पीत प्रेतांची शिकार करितात, पण तेथे आपले नायक ते वरून उडत जाताना पाहतात व त्यांस ते रुचत नाही. येथे बंदुकीमागे आपलीच माणसे आहेत. थोडी फुरसत मिळाली, भय दूर राहिले, आणि लगेच त्यांनी माणसाच्या तोंडावळ्याची थट्टा आरंभली. ज्या उपहासाचा या चित्रपटात अभाव आहे असे सांगितले जाते, तो येथे उभा आहे. आणि प्रेते पायथ्याशी खिळून राहिली, धावण्यास त्यांना जागा उरली नाही, म्हणूनच तो येथे उभा राहू शकला. दिग्दर्शकास आपल्या हाती काय लागले ते कळले नाही, आणि तो पुढच्या पळापळीकडे वळला. पण ते त्यास दाखवून देण्यासाठीच तर टीकाकार असतो.

पुढे अँडीची उपासमार होऊ लागते. त्याच्याकडे एका कुत्र्याच्या पाठीवर अन्न बांधून पाठवितात, कारण प्रेते कुत्र्यास शिवत नाहीत. कुत्रा पोचतो, त्याला आत घेताना प्रेतही आत शिरते. मग केनेथ पलीकडच्या छपराकडे पाहत असता अँडी पुन्हा एकदा फळी वर धरतो, आणि या वेळी तिजवर अक्षर नाही, रक्ताचा नुसता फरकाटा आहे. येथे कोणी धावत नाही, कोणी ओरडत नाही. 'उपहास नाही, पण थरार उत्तम' असे ज्यांनी लिहिले त्यांनी ही फळी कोणत्या खात्यावर मांडली, एवढेच आम्हांस त्यांना विचारावयाचे आहे.